साक्षीदाराची सही

रक्ताचं नातं माणसाला अखेरपर्यंत सांभाळतं. सुकट भाजल्याचा वास आला की हे सुभाषित मी पूर्णगडात एका फॉर्मवर उतरवलं होतं, ते आठवतं. निराधार म्हाताऱ्यांना रोजचा डबा मिळावा म्हणून आम्ही घरोघर फिरत होतो. एका आजीला विचारलं, कोण सांभाळतं? "माजा झील. मुंबैत हाय." तिच्याच चुलीवर तिच्यासाठी सुकट भाजणारी शेजारीण उसळली, "सात वर्सांत फोन नाय केलान त्यानं! पेज कोन आनून देतंय, त्याचा बापूस?" "गप गो. परक्यासमोर झिलाला नावं ठेवू नको." मुलगा लिहिला तर डबा मिळणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. "नको मिळू दे. झीलच लिवा." लिहिलं. तो हुकलेला डबा मला अजून टोचतो. मुलगा सांभाळतो, याला एक साक्षीदार लागत होता. सही शेजारणीने केली.