भगतमामांनी राखलेली भिंत

ऑइलपेंटचा वास आला की मला समिती आठवते. आज आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात पुन्हा तोच वास आहे, आणि वेबसाइटसाठी माझी माहितीही मागितली आहे: शिक्षण, पदव्या, संशोधनाचा विषय.

वीस वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., नोकरी कच्ची, संशोधनाच्या नावाने शून्य. तपासणीसाठी समिती येणार म्हणून सगळं कॉलेज रंगवून काढलं होतं. फक्त प्रयोगशाळेमागची भिंत शेवाळाने हिरवीगार राहिली होती, आणि समिती नेमकी तिच्यासमोर थांबली. प्राचार्यांचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला.

"मीच रंगाऱ्याला हात लावू दिला नाय," चहाचा ट्रे धरून उभे असलेले शिपाई भगतमामा म्हणाले. "ते मॅडमच्या संशोधनाचं शेवाळ हाय. रोज दुपारी त्याच्याकडं बघून फोनवर कुणाला तरी हळूहळू सांगत असतात."

मोबाइलला रेंज फक्त त्या भिंतीपाशीच यायची, आणि अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्याची तेव्हा जेवणाची सुट्टी असायची. समिती माझ्याकडे बघत होती.

"हो, शेवाळच," मी म्हणाले. पुढे पीएच.डी.पण त्यावरच करावी लागली.

मामा कधीच रिटायर झाले. आत्ता रंगारी डबा घेऊन मागे जाताना दिसला, तशी मी फॉर्म टाकून भिंतीपाशी येऊन उभी राहिले आणि नवऱ्याला फोन लावला.

"भाजी कुठली आणू?" तो विचारतोय.

शेवाळावरची नजर न काढता मी हळू आवाजात मेथी सांगते. रंगारी अदबीने लांब थांबलाय.