समझोत्याचा चहा

लाखांदूरच्या समुपदेशन केंद्रात मी नोकरीला लागले आणि वर्षभरात माझे समझोते तालुक्यात गाजू लागले. नवरा-बायकोला एका बाकावर बसवायचं, नवऱ्याला चार खडे बोल सुनवायचे, कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि वरून चहा पाजायचा. फायलीवर 'समझोता' लिहिलं की वाटायचं, चला, एक संसार वाचवला आपण. कसला वाचवला, डोंबल!

डोळे उघडले ते जवळच्याच खेड्यातल्या एका बाईनं. दोन पोरींची आई, धान रोवायला जाणारी. नवरा मारतो म्हणून ती तिसऱ्यांदा आली होती. मी वैतागलेच होते. आत्ताच तर तुमचा समझोता केला ना, म्हणून मी तिलाच फटकारलं. ती शांतपणे म्हणाली, "म्याडम, तुमच्या इथून चहा पेऊन गेली का मले घरी जास्त मार पडते. लोकांपुढं काहून बोलली, म्हणते नवरा."

शरमेनं माझे कान तापले. मारणाऱ्याच्या शेजारी बसवून मी तिला दोनदा विचारलं होतं, सांग बाई, काय त्रास आहे. सांगेल कशी ती? अक्कल गहाण टाकली होती मी. त्या दिवशी तिला एकटीला आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं. संरक्षण अधिकाऱ्यांना बोलावून घरगुती हिंसाचाराचा, कोर्टाला द्यायचा लांबलचक अहवाल पहिल्यांदा नीट भरून घेतला. तरी शेवटी सवयीनं तोंडून निघालंच, की काही दिवस माहेरी जातेस का, सिहोऱ्याला?

"मी काहून जाऊ?" ती म्हणाली. "घर मी सारवलं, शेताच्या बांधीत धान मी रोवलं. जायचं त त्यानं जावं."

तिला तिचं घर हवं होतं, फक्त मार नसलेलं. नवऱ्याला घराबाहेर राहायचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. मागायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. आम्ही अर्ज केला. नवऱ्यानं कानांवर हात ठेवले, मी हातच लावला नाही म्हणे. गल्लीतला एकही माणूस साक्षीला तयार होईना.

मग मी तिच्यासोबत रोवणा करणाऱ्या बायांकडे गेले. चिखलात दिवसभर वाकून रोवताना पाठ उघडी पडते. शेजारी रोवणाऱ्या या बायांना तिच्या पाठीवरचे वळ कित्येक वर्षं दिसत होते, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. येतो म्हणाल्या. नेमकी तारीख पडली ऐन रोवण्यात. सकाळपासून मी रस्त्याकडे डोळे लावून, आता कोण येतं कोर्टात! आणि एसटीतून सात जणी उतरल्या, पायांवर आदल्या दिवसाचा चिखल तसाच. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी न्यायाधीशांसमोर उभी राहिली.

"साहेब, हिची पाठ पाहून आमाले समजे, काल घरी काय झालं."

पुढच्या तारखेला हुकूम झाला. नवऱ्यानं भावाकडे राहायचं, तिच्या वाटेला जायचं नाही आणि दर आठवड्याला एकट्यानं समुपदेशनाला यायचं. येतो तो. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून बसायचा. 'तिनं मला मारायला लावलं' यावरून 'मी मारलं' इथवर यायला त्याला कित्येक महिने लागले. त्याला घरात घ्यायचं की नाही, ते तीच ठरवेल. मी आता त्यात पडत नाही.

हुकूम झाल्यावर तिनं मला घरी बोलावलं. गेले तर त्या सातही जणी आधीच ओसरीवर ऐसपैस बसलेल्या, पोरी अंगणात धिंगाणा घालताहेत. तिनं माझ्या हातात कप दिला.

"प्या म्याडम. हा माह्या घरचा चहा हाये. याच्यामागून मार नाही पडत."

सातही जणी खदखदून हसल्या. मीही हसले, आणि मग पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ रडले.