ईडा टीचरचा पहिला टॅरंटुला

रेडीच्या ईडा टीचरनी आयुष्यभर फळ्यावर आठ पायांचा कोळी काढून पोरांना शिकवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपण टॅरंटुला पाळणार.

"घरातली जाळी काढून माझी मान मोडली, आणि तू कोळी इकत हाडतलंस?" नवरा जॉन म्हणाला.

टीचर ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मडगावला त्यांचा भाचा ब्लेझ टॅरंटुला पाळायचा. पिल्लंही त्याच्याच घरी जन्मायची. टीचर तिकडे पोचल्या आणि पहिल्या नजरेतच एका निळ्याशार कोळ्यावर भाळल्या. ब्लेझने झाकण जरासं उचललं मात्र, तो सर्रकन काचेवर चढला.

"आंटी, ह्यो झाडार रवणारो. वाऱ्यासारखो धावता. पयल्यांदा पाळतंस तर ह्यो नको."

मग त्याने तपकिरी, केसाळ, अगदी साधी दिसणारी मादी दाखवली. ती एकेक पाय विचार करून टाकत होती.

"ही शांत आसा. पण हातात घेवची नाय, नुसती बघूची. वीस वर्षांय जगतली."

टीचरनी मनात आपलं वय मोजलं. "माझ्यामागे हिका कोण बघतलो?"

"मी आसंय मा."

टीचरनी तिलाच घेतलं. घरी डब्यात नारळाच्या काथ्याचा भुसा घातला, लपायला करवंटी ठेवली, पाण्याला बाटलीचं झाकण. जॉन मात्र त्या खोलीत पाऊल टाकेना.

काही महिन्यांनी तिने खाणं सोडलं. एका सकाळी टीचर बघतात तर ती उताणी पडलेली, पाय वर. टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं. जॉनने खोरं घेतलं आणि जास्वंदीखाली खड्डा खणायला लागला. टीचरनी रडत ब्लेझला फोन लावला.

"मेलेली नाय, आंटी. मेल्यार पाय पोटाखाली आवळतत. कात टाकता ती. हात लावू नको."

टीचरनी खिडकीतून हाक मारली. जॉन मातीच्या हातांनीच दारापर्यंत आला, थबकला, मग आत येऊन डब्यासमोर खुर्ची ओढून बसला. दुपारपर्यंत दोघं जेवणही विसरले. हळूहळू जुन्या कातडीतून एकेक पाय मोकळा झाला, आणि नवीकोरी, मखमली कोळीण बाहेर आली.

"काय गो ही," जॉन पुटपुटला.

पुढे ब्लेझला विचारून टीचरनी ती रिकामी कात चिमट्याने बाहेर काढली. जॉनने ती मिठाईच्या खोक्यात ठेवली आणि नाक्यावर नेऊन लेकीचं कौतुक करावं तसं भेटेल त्याला दाखवली, "आमच्या चेडवाची," म्हणत.