देण्याघेण्याचे गळ

आमच्या टीम लीडने मला मीटिंग रूममध्ये बोलावून दार लावून घेतलं, तेव्हा मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. मंदीचं वर्ष होतं. बेसिंगस्टोकच्या त्या बिझनेस पार्कमध्ये दर आठवड्याला कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून पार्किंगकडे जाताना दिसायचं. खोक्यात एक मग आणि एक मरायला टेकलेलं रोपटं. पुण्याहून आलेले आम्ही चौघं होतो, आणि व्हिसाचं एक्स्टेन्शन तिघांचंच होईल असं क्लायंटने कळवलं होतं. लीड स्वतःला परत पाठवणार नव्हता. डेटाबेसवाल्याला पाठवणं शक्य नव्हतं, कारण त्याने लिहून ठेवलेलं दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. तिसरा क्लायंटच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर होता, म्हणजे देशाला आवश्यक. उरले मी, टेस्टर. "टेस्टिंग काय, पुण्यातूनही होतं" हे वाक्य लीडने इतक्यांदा म्हटलं होतं, की ते एव्हाना कॉफी मशीनलाही पाठ झालं असावं.

मला परत जायचं नव्हतं. इंग्लंडच्या प्रेमात पडले होते असं नाही; तिथल्या हवेच्या प्रेमात पडायला माणूस तिथलाच असावा लागतो. पण माझ्या खोलीला आतून कडी होती, आणि ती का लावलीस असं विचारणारं कोणी नव्हतं. शिवाय त्या देशात गप्प बसलेल्या माणसाला बरं नाही का, असं विचारत नाहीत. पुण्यात माझ्या गप्प बसण्यावर आईने एकच औषध काढलं होतं, लग्न. दोन स्थळं तयार होती. मी विमानातून उतरायचा अवकाश होता.

"बस ना," लीड म्हणाला. "अगं, तुला मासे कळतात का?"

"खायचे कळतात."

"तेच. म्हणजे डोमेन नॉलेज आहे."

तो स्वतः शाकाहारी. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, पण कंपनीच्या मोकळ्या वातावरणाचं धोरण असं, की मी त्याला 'अरे' म्हणायचं. तो ते सहन करायचा. त्याने समजावून सांगितलं की क्लायंटकडचा मोठा साहेब, ज्याच्या सहीने एक्स्टेन्शन होणार होतं, त्याची नोकरीतली बरीच वर्षं पूर्ण होत होती. पुढच्या शुक्रवारी केक होता. आपल्या टीमकडून भेट द्यायची. साहेब शनिवार-रविवार समुद्रावर बास नावाचा मासा पकडायला जातो, तेही शेवाळात, आणि त्याचे गळ शेवाळात अडकून तुटतात, हे लीडने ऑफिसच्या किचनमध्ये उभं राहून ऐकलं होतं.

"तर पातं लावलेले गळ मिळतात. शेवाळात चालणारे, टिकाऊ. तू टेस्टर आहेस, तू ठरव कुठले. आणि हे बघ," त्याने आवाज खाली आणला, "एक्स्टेन्शनच्या आधी आपलं नाव चांगल्या गोष्टीत आलेलं बरं."

"कोणाचं नाव?"

"टीमचं," तो म्हणाला.

संध्याकाळी मी वाचायला बसले. हा गळ एका मऊ रबरी माशाच्या पोटातून घालतात. त्याचं टोक रबराच्या पाठीत लपवतात, म्हणजे शेवाळातून जाताना अडकू नये. पोटाशी शिशाचं वजन असतं आणि त्याखाली एका कडीला एक चकचकीत पातं लोंबतं. ओढलं की ते फिरतं, चमकतं, आणि खरा मासा फसतो. याबद्दल अमेरिकेतली मोठमोठी माणसं इंटरनेटवर एकमेकांशी भांडत होती. लीडने पाठवलेली लिंकही तिथलीच. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की त्यांचा बास तळ्यात राहतो, गोड्या पाण्यात, आणि साहेबाचा बास समुद्रात. दोन वेगळे मासे. माझं आजोळ अलिबागकडचं. समुद्राच्या बासचा फोटो बघून मला जिताडाच आठवला. मी लीडला तसं लिहिलं, खाऱ्या पाण्यात पात्याची कडी गंजेल हेही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मासा तो मासा. :)"

शनिवारी मी ट्रेनने साउथहॅम्प्टनला गेले. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे कोणी येतंय का ते बघितलं.

"बॉयफ्रेंडसाठी का, लव्ह?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर आणखी एक वाक्य बोलावं लागलं असतं. त्या काल्पनिक बॉयफ्रेंडसाठी मी तीन प्रकारचे गळ घेतले. जवळच्या इंडियन स्टोअरमधून शेपू आणि मेथीच्या सगळ्या जुड्या घेतल्या. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "घरी कार्यक्रम?" त्यांनाही मी हो म्हणाले. दिवसभरात मी दोनदा खोटं बोलले होते आणि दोन्ही वेळा माणसं माझ्याकडे कौतुकाने बघून हसली होती.

माझी फ्लॅटमेट नागपूरची होती, दुसऱ्या कंपनीत कामाला. ती घरी आली तेव्हा बाथटब अर्धा भरला होता, शेपू-मेथी त्यात मुळांकडून दगडांना बांधून उभी केली होती, आणि मी टबाच्या कडेवर बसून दोऱ्याने एक रबरी मासा त्यातून ओढत होते.

"हे काय करून राहिली तू?"

"टेस्टिंग."

"बाप्पा! ऑफिसचं काम घरी आणू नये म्हणतात ते याच्यासाठीच." तिने वाकून पाहिलं. "एवढ्या मेथीचे पराठे झाले असते ना बे. आणि मी आंघोळ कुठं करू?"

"अर्धा तास दे."

तिने अर्धा तास दिला नाही, ती समोर येऊन बसली. मग तीच मासा ओढायला लागली आणि मी बघायला लागले. एका गळाचं पातं टिकलीसारखं गोल होतं, सोनेरी, सगळ्यात महाग. ते फिरायचं झकास, पण प्रत्येक फेरीला देठ गुंडाळून घ्यायचं. तिसऱ्या फेरीत त्याने शेपूची जुडी बाजारात बांधतात तशी बांधून आणून दिली. दुसऱ्याचं पातं कडुलिंबाच्या पानासारखं लांबट, निमुळतं. ते भाजीतून सरळ निघून यायचं, एखादी काडी फार तर. तिसरा गळ स्वस्तातला. तो आम्ही टॉवेलच्या दांडीला अडकवून दोघींनी जोर लावून ओढला. गळ सरळ झाला. दांडीही निघाली. घरमालकाला काय सांगायचं यावर फ्लॅटमेट म्हणाली, "सांग की मासा लय मोठा होता."

मग मी तिन्ही गळ स्टीलच्या डब्यांत मिठाच्या पाण्यात घालून खिडकीत ठेवले, लोणच्याशेजारी. काही दिवसांत सोनेरी पात्याच्या कडीवर लाल पूड धरली. कडुलिंबवाला तसाच राहिला, जाड तारेचा, पांढुरका, दिसायला अगदी सामान्य. मी लीडला लिहून पाठवलं की हाच घ्यावा, आणि गोल पात्याचा मुळीच घेऊ नये.

तो माझ्या डेस्कशी आला. हातात लाकडी पेटी. पेटीत लाल मखमल, आणि मखमलीवर बाराच्या बारा सोनेरी टिकल्या.

"मी आधीच मागवले होते. कसे दिसतात?"

"हे शेवाळात चालत नाहीत. आणि गंजतात."

"अगं, पण दिसायला बघ ना. गिफ्ट आहे. तो काय लगेच पाण्यात टाकणार आहे?"

त्या क्षणी मला तो माणूस पूर्ण कळला. आमच्याकडे साड्यांचे दोन प्रकार असतात, नेसायच्या आणि देण्याघेण्याच्या. दुसऱ्या प्रकारची साडी मुंजीतून बारशाला आणि बारशातून वास्तुशांतीला जाते, तिची घडी कधी मोडत नाही, आणि धुतल्यावर तिचं काय होईल हे देवालाही माहीत नसतं, कारण ती कोणी धुतलेलीच नसते. लीडने देण्याघेण्याचे गळ आणले होते. त्याचा हिशोब पुण्यात चुकला नसता. तिथे पेटी कपाटात गेली असती आणि दिवाळीला साहेबाच्या मेहुण्याकडे निघाली असती.

शुक्रवारी केक कापून झाला आणि साहेबाने सगळ्यांसमोर कागद फाडला. मराठी माणूस "कशाला उगीच" म्हणून भेट बाजूला ठेवतो आणि पाहुणे गेल्यावर तिची किंमत काढतो. इंग्रजाला तेवढाही धीर नसतो. त्याने पेटी उघडली, एक गळ उचलून उजेडात धरला, लीडचा हात हातात घेऊन हलवला. इथपर्यंत लीडचा चेहरा त्या पात्यांसारखाच चमकत होता.

"मग उद्याच हे ओले करू या," साहेब म्हणाला. "तुम्ही सगळे या ना."

विकेटकीपरची मॅच होती. डेटाबेसवाला कुठल्याच आमंत्रणाला उत्तर देत नसे. लीड आणि मी गेलो. मी नाही म्हणायला हवं होतं, पण लीड म्हणाला, "तू हवीसच." हे असं त्याने पूर्वी कधीच म्हटलं नव्हतं.

डॉर्सेटच्या त्या किनाऱ्यावर ओहोटी होती. खडकांवर शेवाळ पसरलेलं, ओल्या चामड्याच्या पट्ट्यांसारखं. साहेब गुडघ्यावरचे बूट घालून खडकांवरून चालत पाण्यात उतरला. लीड ऑफिसचे बूट घालून आला होता आणि प्रत्येक पावलाला माझ्याकडे असं बघत होता, जणू समुद्र मी ओला केला आहे.

पहिल्या फेकीला काहीतरी जड लागलं. लीडने टाळ्या वाजवायला हात वर केले. पाण्यातून रबरी मासा आला तो भरघोस मिश्या घेऊन. साहेबाने शेवाळ सोडवून टाकलं आणि पुन्हा फेकला. पुन्हा मिश्या. तिसऱ्यांदा दाढीही होती.

"इंटरेस्टिंग," साहेब म्हणाला.

इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला की समजूतदार माणसाने सीव्ही काढून ठेवावा. लीडला तेवढं इंग्रजी येत होतं. सकाळपासून गाडीत तो "मी निवडले", "मी मागवले", "माझ्या मनात होतंच" असं म्हणत आला होता. साहेबाने मागे वळून, खरोखर कुतूहलाने, विचारलं की हे निवडले कोणी. तेव्हा लीडचं मन एकदम मोठं झालं.

"हिने," तो इंग्रजीत म्हणाला. "आमची टेस्टर. फार बारकाईने टेस्ट केलेत तिने."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझी पुण्याची फ्लाइट त्या खडकावर उभी होती. मला इतकंच समजत होतं की बोलायला सुरुवात केली तर माझा आवाज कापेल, आणि तो कापला तर मी खोटी वाटेन. म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला. तिथे कडुलिंबाच्या पात्याचा गळ डबीत होता. पास झालेली वस्तू टाकून देणं मला जमत नाही. मी डबी साहेबाला दिली.

त्याने गळ बाहेर काढून तारेवर अंगठा फिरवला.

"हा?"

"हा पास झाला," मी म्हणाले. "तो नापास झाला होता."

"कुठे टेस्ट केलेस?"

"बाथटबमध्ये. शेपूत."

तो हसला नाही. त्याने तो गळ बांधला आणि फेकला. रबरी मासा रिकामा परत आला, स्वच्छ. पुन्हा फेकला, पुन्हा स्वच्छ. मासे आमच्याकडे फिरकलेही नाहीत, पण साहेब रिकामा गळ बघून इतका खूश झाला होता की कोणाला वाटावं तो त्यासाठीच आला आहे. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "मला असं सांगण्यात आलंय की टेस्टिंग पुण्यातूनही होऊ शकतं."

सांगणारा माझ्याशेजारी मोजे पिळत होता. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि नापास वस्तूला पास म्हणायची मला सवय नव्हती, माझी स्वतःची असली तरी.

"होईल," मी म्हणाले. "चांगलं होईल. तिथे शेपूही जास्त ताजी मिळते."

लीडने श्वास सोडला.

"फक्त त्याचा रिपोर्ट याच्याकडे जाईल," मी म्हणाले, आणि लीडकडे बोट न दाखवता नुसतं बघितलं.

साहेबाने लीडच्या बुटांशी साचलेला शेवाळाचा ढीग पाहिला. बराच वेळ. "राइट," तो म्हणाला आणि गळ फेकला. या 'राइट'चा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

परतीच्या वाटेवर साउथहॅम्प्टनची पाटी आली. मग लीड म्हणाला, "मी मुद्दाम तुझं नाव घेतलं, कळलं ना? व्हिजिबिलिटी. नाहीतर तू कधी बोलली असतीस का?"

माझा त्या महिन्याचा बोलण्याचा साठा संपला होता.

महिनाअखेरीला एक्स्टेन्शनची मेल आली. माझं झालं होतं, टेस्टिंगचे रिपोर्ट थेट साहेबाकडे जावेत या एका ओळीसकट. लीडने ती ओळ आपणच सुचवल्याचं सगळ्यांना सांगितलं. विकेटकीपरचं झालं नव्हतं. ऑक्टोबर तोंडावर आला होता, क्रिकेटचा मोसम संपला होता, आणि देशाला त्याची तशी गरज उरली नव्हती.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी विकेटकीपर माझ्या डेस्कशी आला. दोन वर्षांत आम्ही कॉफीच्या रांगेतलं सोडून काही बोललो नव्हतो.

"तू तिकडे किनाऱ्यावर काहीतरी बोललीस म्हणे. सगळ्या फ्लोरवर आहे. काय बोललीस?"

"विशेष काही नाही."

"बरं झालं बोललीस," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं, हीच पंचाईत होती. मग त्याने आपला राइस कुकर माझ्या टेबलावर ठेवला. "हा नेऊन काय करू? वजनात जाईल. तू ठेव."

तो चार माणसांचा कुकर होता. वर्षभर मी त्यात माझ्या एकटीपुरता एका वाटीचा भात लावला. एवढ्याशा तांदळाला तो फार मोठा होता, भात दर वेळी तळाला लागायचा. तरी लावायचे.