बाईंचं फाटक

"या फाटकातून मी जाणार ती आडवीच," शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "मला उभी बाहेर काढून शहरातल्या होममध्ये बसवणाऱ्याला मी बघून घेईन."

ओळख होऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, थोड्या मेंढ्या आणि वडिलोपार्जित कुळाची जमीन सांभाळून राहणाऱ्या. त्या दिवशी तासभर आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो आणि तेवढा वेळ त्या फक्त वारा आणि मेंढ्यांचे खूर या दोनच विषयांवर बोलल्या. मी कंटाळून उठले, त्या मला सोडायला फाटकापर्यंत आल्या, आणि फाटकाच्या वरच्या दांडीवर हात ठेवून त्यांनी हे एवढं मोठं वाक्य बोलून टाकलं. मग म्हणाल्या, "पाऊस येईल. जा आता."

आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात आलो ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. नवरा बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीला विटला होता, आणि इथल्या दवाखान्याला कित्येक महिने डॉक्टर मिळत नव्हता. लंडनमधल्या एजवेअरची माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, आर यू मॅड? तिथे कोथिंबीर तरी मिळते का? वेम्बलीला यायचं म्हटलं तर दोन दिवसांचा प्रवास!" कोथिंबीर मिळत नव्हती. एक दुकान होतं, एक छोटी शाळा, एक पत्र्याचा हॉल, आणि डोंगरातून येणारा एकेरी रस्ता. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, आणि दोघांनीही हात वर करायचा.

पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर अंधाऱ्या घरांचा. खाडीच्या कडेने चांगली टुमदार घरं, पण निम्म्यांत दिवाच नाही. ती सुट्टीवाल्यांची घरं. उन्हाळ्यात गजबजायची, एरवी मुकी. गावातल्या तरुण जोडप्यांना मात्र राहायला जागा नव्हती, म्हणून ती शहरात जात, आणि मग म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, औषध द्यायला येणाऱ्या बायका त्याच शहरातून, तोच डोंगर ओलांडून येत. बर्फ पडला की येत नसत. असे दोन-चार दिवस गेले की कौन्सिलवाले म्हाताऱ्या माणसाला होममध्ये, म्हणजे शहरातल्या वृद्धाश्रमात, हलवत. होममधून परत आलेलं कुणी नव्हतं. बाईंची धमकी हवेतली नव्हती.

गावाने मिळून एक ट्रस्ट काढला होता. त्याची अर्धवेळ नोकरी मला मिळाली, कारण दुसऱ्या कुणी अर्जच केला नाही. काम काय, तर गावाचा शाश्वत विकास. 'शाश्वत' हा शब्द मी लहानपणापासून कीर्तनात आत्म्याबद्दल ऐकलेला, आणि इथे मी तो सांडपाण्याच्या टाकीच्या अर्जात लिहीत होते. हसू यायचं आणि थोडं रडूही.

आमच्या कमिटीचा विचार साधा होता: गावात दोन लहान घरं बांधायची, फक्त बारा महिने राहणाऱ्यांसाठी, आणि पहिलं घर केअररला द्यायचं. म्हाताऱ्यांची काळजी घेणारी बाई गावातच राहिली तर बर्फ पडो नाहीतर पूर येवो. ग्लासगोहून एक सल्लागार आला. हॉलमध्ये त्याने भिंतीभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, गट पाडले, "तुमची स्वप्नं लिहा" म्हणाला. अख्खं गाव आलं होतं. अख्खं गाव बुटांकडे बघत बसलं. घरं कुठे बांधायची, हवी की नकोत, कुणी चकार शब्द काढेना. पुण्याच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंख्याच्या वेगावरून हमरीतुमरी होते, आणि इथे ही स्मशानशांतता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. सल्लागाराने चिठ्ठ्या गोळा केल्या, "लोक उदासीन आहेत," असं मला हळूच सांगितलं आणि अंधाराआधी डोंगर ओलांडायचा म्हणून तो आधी निघाला.

मी मात्र सगळ्यांना सोडायला बाहेर आले. त्यात शहाणपण काही नव्हतं, ती आमच्या घरची खोड आहे. पुण्याला आईकडे पाहुणा उठला की खरी भेट सुरू व्हायची. दारात चपला घालताना थोडं, जिन्यात थोडं, आणि फाटकाशी तर संध्याकाळ मावळायची. कुणाच्या मुलीचं बिनसलंय, कुणाचा रिपोर्ट वाईट आलाय, हे सगळं फाटकाशी. बाबा वैतागून आतून हाका मारत.

हॉलच्या बाहेर बारीक पाऊस होता. लोक गाड्यांची दारं उघडून उभे होते आणि बोलत होते. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "घरं हवीत, पण शाळेजवळ नको, तिथे पाणी साचतं." पोस्टमन म्हणाला, "माझी मुलगी येईल परत, घर असेल तर." जो तो माझ्याशी बोलत होता पण दुसरीकडे बघत, जणू आपल्याच गाडीला सांगतोय. मी भिजत उभी राहिले आणि इतका आनंद झाला की काय सांगू. हे तर आपल्याचसारखे लोक! खोलीत बसून खरं बोलणं यांनाही जमत नव्हतं.

त्यानंतर मी मीटिंगा घेणंच सोडलं. ज्याच्या त्याच्या घरी जायचं, वाऱ्यावर आणि मेंढ्यांवर बोलायचं, आणि मग फाटकाशी रेंगाळायचं.

अडलं ते जागेवर. रस्त्यालगतची कोरडी, सपाट जमीन एकच होती, आणि ती बाईंची. मी म्हटलं, उद्या जाऊन विचारते. कमिटीचे अध्यक्ष, पूर्वी मासेमारीची बोट चालवणारे, पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. "विचारायचं नाही."

"का नाही?"

"तुम्ही विचारलंत तर तिला नाही म्हणावं लागेल किंवा हो म्हणावं लागेल. नाही म्हणाली तर ते 'नाही' घेऊन तिला या गावात मरेपर्यंत राहायचंय. तिला ठाऊक आहे आपल्याला काय हवंय."

मला हे पटलं नाही. घरी येऊन मी भांडी आपटली. "यांच्या या भिडेपायी म्हाताऱ्या माणसांना हलवतील आणि हे लोक हवापाण्यावर बोलत बसतील," मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "तू तुझं पुणेरीपण जरा आवर." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण बाईंनाही विचारलं नाही.

उन्हाळा गेला, मेंढ्यांची लोकर उतरली, शरद आला. एका दुपारी बाई मला नेहमीप्रमाणे सोडायला आल्या. दांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "खालचं शेत माझ्या आईच्या वेळेपासून ओलंच. वरचा तुकडा मात्र कोरडा आहे." त्या पुढे म्हणाल्या, "पाठ वाऱ्याकडे करून बांधा म्हणजे झालं. पाऊस येईल. जा आता."

त्यानंतर जे काही परवान्यांचं सुरू झालं त्याने आमच्या नाकी नऊ आले. कुळाच्या जमिनीतून तो तुकडा सोडवायचा, दलदल मोजायची, ओढ्यात पाणमांजरं राहतात का ते बघायला एक माणूस रबरी बूट घालून आला. बाईंनी त्याला विचारलं, "पाणमांजरांना घर आहे का ते बघताय? छान. आणि माणसांना?" पाया घालायलाच वर्षं गेली. बाई त्यांच्या खिडकीतून बघत. घर वर चढत होतं आणि त्या दिवसेंदिवस खाली येत होत्या.

छप्पर बसण्याआधीच्या हिवाळ्यात त्या घसरून पडल्या. खुबा मोडला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचरवरून फाटकाबाहेर आणलं तेव्हा मी शेजारी चालत होते. त्यांनी माझी बाही ओढली. "आडवी चाललेय खरी," त्या म्हणाल्या, "पण ही खेप धरायची नाही."

हॉस्पिटलमधून त्यांना होममध्ये ठेवलं. जागा वाईट नव्हती, मुली प्रेमळ होत्या. बाई खिडकीशी बसत, आणि त्यांचा कोट कपाटात कधीच नसे, खुर्चीच्या पाठीवर असे. मी निघाले की वॉकर घेऊन त्या दारापर्यंत येत. पण ते काचेचं दार आपोआप उघडायचं आणि आपोआप मिटायचं. हात ठेवायला काही नव्हतं. त्या उभ्या राहत, ओठ हलवत, आणि तशाच मागे फिरत. परतीच्या रस्त्यावर एका वळणाशी गाडी थांबवून मी रडत असे. कमिटीवर, कौन्सिलवर, त्या पाणमांजरवाल्यावर, सगळ्यांवर माझा राग होता.

कोकरं जन्मायच्या दिवसांत पहिलं घर पुरं झालं. पोस्टमनची मुलगी नवऱ्याला आणि तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. ती केअररचंच काम करायची. आता गावात माणूस आहे म्हटल्यावर कौन्सिलने बाईंना घरी जायला परवानगी दिली. आदल्या दिवशी मी त्यांच्या घरातली शेगडी पेटवली, गाद्या गरम केल्या. त्या आल्या, कोट काढला आणि दारामागच्या खुंटीला लावला. माझा जीव भांड्यात पडला.

तो उन्हाळा त्यांना मिळाला. शरदात, स्वतःच्या पलंगावर, पोस्टमनच्या मुलीचा हात धरून त्या गेल्या.

तिकडे शवपेटी गाव खांद्यावर नेतं, आळीपाळीने. दफनाच्या वेळी ती दोऱ्यांनी खाली सोडतात, आणि कुठली दोरी कुणाच्या हातात हे घरचे आधी ठरवतात. तो मान असतो. त्या गावात मी पाहिलेल्या सगळ्या दोऱ्या पुरुषांच्या हातात होत्या. प्रार्थना झाली, बाईंना उचललं, आणि त्या फाटकातून बाहेर पडल्या. आडव्या. ही खेप धरायची.

मी फाटकाशी थांबले. कुणी थांबवलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी थोरली, तरी भाऊ आणि चुलतभाऊ पुढे गेले, आणि आत्याने माझं मनगट धरून मला फाटकाशी उभं केलं. तेव्हापासून माझे पाय आपोआपच तिथे थांबतात. त्याचा राग मला अजून आहे.

लोक वळणापर्यंत गेले. मग बाईंचा ग्लासगोचा भाचा मागे फिरून चालत माझ्याकडे आला.

"तुम्ही इथे का थांबलात?" तो म्हणाला. "पायाकडची डावी दोरी तुमची आहे. आत्याने सांगून ठेवलंय."

"कधी?"

"मागे भेटायला आलो होतो तेव्हा. निघता निघता." त्याने दांडीवर हात ठेवला. "इथे."

मी बाहेर पडले. मेंढ्या शिरू नयेत म्हणून फाटक नीट लावून घेतलं, आणि त्याच्याबरोबर चालू लागले.