कुटुंब म्हणजे कोण?

आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको. कोणी विचारलं, कुटुंब कुठं गेलं, तर माणूस सांगतो, शेतात गेली, माहेरी गेली. मी तिसरीच शिकलो, पण हा शब्द मले कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्याच शब्दानं माझं हसं झालं.

कापसाचे वाईट दिवस होते. सरकारनं आमच्याकडची कापूस खरेदी बंद केली, आणि रिकाम्या पडलेल्या खरेदी केंद्राच्या पडवीत माझ्या दोस्ताचा पोरगा झोपत होता. विशीतला पोरगा. मायबाप गेले. घर होतं चुलत्याच्या जागेत, ते चुलत्यानं पाडून गोठा बांधला. मग केंद्राची इमारतही कोणी विकत घेतली. दिवाळीच्या आत निघ म्हणाले.

"काकाजी, आता कुठं जाऊ?"

"सरकारचं घरकुल कायले असते मंग?" म्हटलं, आणि त्याले ग्रामपंचायतीत नेलं.

ग्रामसेवकानं मान वर केली नाही. "घरकुल कुटुंबाले भेटते. याचं कुटुंब कुठं आहे? हा तर एकटा."

"आज नाही, पण आणतो."

"आणा मंग."

मी लागलो कामाले. पुसदकडे एक पोरगी पाहिली. पोरीच्या बापाले पोरगा पसंत पडला. "राहते कुठं?" त्यानं विचारलं.

"घरकुल येऊन राह्यलं."

"येऊ द्या. मंग कुंकू लावू."

"पाव्हणे, पोरगी आल्याबिगर घरकुल येत नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी भरदिवसा पिऊन आलो.

परत ग्रामसेवकाकडे गेलो. "साहेब, लग्न झाल्यावर घरकुल देऊ, असं लिहून द्या."

"लग्नाचं मी कधी बोललो?"

"तुम्हीच कुटुंब म्हटलं ना!"

सारे हसले. पोरगाही हसला, ते मले लागलं. मग साहेबानं समजावलं. कुटुंब म्हणजे एका रेशनकार्डावरचे लोक. पोराचं नाव अजून चुलत्याच्या कार्डावर. चुलत्याले पक्कं घर. म्हणजे पोरालेही घर आहे.

"पण हा झोपते पडवीत!"

"नाव वेगळं करा."

"करा ना मंग."

"त्याले राहायचा पत्ता लागते."

मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. कापसाच्या मापात मले आजवर कोणी फसवलं नाही. इथं कोणी फसवतही नव्हतं, अन् तरी काही हाती लागत नव्हतं. घरी बायको म्हणाली, "पोराले बायको पाहाले निघाले, अन् चुलता घेऊन आले."

दिवाळीच्या तोंडावर पोरगा वळकटी घेऊन दारात आला. "ये घरात," मी म्हटलं.

"घरात नाही, काकाजी. मले तुमच्या कुटुंबात धरतील. तुमचं घर तेच माझं घर म्हणतील. मंग झालंच."

"सरकारले सांगाले कोण जाते?"

"कोणी ना कोणी जातेच."

मी ओरडलो, हात धरून ओढला. तो हलला नाही. ओसरीत पोतं अंथरून बसला. बायकोनं ताट तिथंच नेऊन दिलं.

सकाळीच ग्रामपंचायतीत गेलो. "साहेब, ओसरी घरात धरता का घराबाहेर?"

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबानं पेन दाताखाली धरला, छताकडे पाहिलं.

"वर विचारून सांगतो," तो म्हणाला.