खडीगाडीची तारीख

१६ एप्रिल, सकाळी साडेनऊ. वाघजाईवाडी स्टेशन, फलाट क्रमांक एक. हजर : हिंदुरावमामा, रेल्वेतले निवृत्त चावीवाले, वय शहात्तर. इंदूमामी. मामांच्या गँगमधले, म्हणजे रूळ बसवणाऱ्या टोळीतले बाबालालचाचा, हातात काठी. त्याच गँगमध्ये खडीच्या पाट्या वाहिलेल्या गोदामावशी, नातवाच्या मोटारसायकलवरून आलेल्या. रेल्वेचे एक तरुण इंजिनिअर. आणि मी, मामांची भाची मंगल. शिवाय गावातली पन्नासएक माणसं. त्यांची नावंही मी लिहून घेतली आहेत, पण इथं तेवढी जागा नाही.

यादी सवयीनं केली. इस्लामपूरच्या एका शाळेच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढल्यावर माणसं जमलेली दिसली की हात आपोआप हजेरी घ्यायला लागतो. त्यानंतर तेविसाव्या दिवशी, दुपारी, मामीचा फोन आला. "मंगल, जेवून आडवं झालं ते उठलंच न्हाईत गं..." एवढंच. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, तिघांना फोन केले आणि निघाले. रडणं नंतर, टाकारीच्या फाट्याजवळ, गाडी बाजूला घेऊन. आता त्याला सहा आठवडे झाले. लिहायला बसताना एक गोष्ट आधीच सांगते : हा हळहळीचा लेख नाही. मामा जिंकून गेले, आणि ते कसं जिंकले याचा हा हिशेबशीर वृत्तांत आहे.

चावीवाला म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. रोज पहाटे उठून, खांद्यावर हातोडा टाकून, आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा आणि सैल चावी दिसली की ठोकायची, हे चावीवाल्याचं काम. मामांनी ते जवळजवळ तीस वर्षं केलं. त्याआधी ते गँगमध्ये साधे गँगमन होते. निवृत्त झाल्यावर हातोडा परत केला, पण चालणं सोडलं नाही. रुळाच्या कडेनं उसाच्या बांधावरून चालत जायचे आणि गाडी गेली की कान देऊन म्हणायचे, "त्या वळणावर दोन सैल हायत." मग स्टेशनात जाऊन सांगायचे. सांगितलेलं बहुतेक वेळा खरं निघायचं.

मामांना तारखांचं वेड होतं. वेड हा शब्द मामीचा. दर एक जानेवारीला नवं कॅलेंडर भिंतीवर चढायच्या आधी जुन्या कॅलेंडरवरच्या तारखा त्यावर उतरवल्या जायच्या, आणि त्या सगळ्या रेल्वेच्या. १६ एप्रिल : बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली गाडी. आमच्या भागात रूळ आले तो दिवस. छोट्या रुळांच्या जागी मोठे, ब्रॉडगेजचे रूळ आले तो. कोळशाचं शेवटचं इंजिन वाघजाईवाडीवरून गेलं तो. मामांना रुळाला तडा दिसला आणि त्यांनी लाल झेंडा घेऊन पॅसेंजर थांबवली तो. वरच्या तारेवर चालणारं पहिलं इंजिन आलं तो. प्रत्येक तारखेचा घरात एक ठरलेला रिवाज होता. १६ एप्रिलला स्टेशनवर शिरा. कोळशाच्या इंजिनाच्या दिवशी गॅस बंद, चहा चुलीवरचाच, आणि मामी फुंकणी घेऊन डोळे पुसत बसलेली. "रुळाच्या तारखा तोंडपाठ हायत," ती धुरातून म्हणायची, "जरा आपल्या लग्नाची तारीख इचार की ह्यास्नी." मामा अजिबात न डगमगता सांगायचे, "आंबा मोहरला हुता तवा."

पाच-सहा वर्षांपूर्वी मामांची नजर अधू झाली आणि कॅलेंडर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते चोख करायची. तीन रंगांची पेनं, सरळ रेघा. आणि इथंच माझी चूक झाली. मोठ्या रुळांची तारीख मी एका छापील पुस्तिकेत पडताळून पाहिली. मामांच्या तारखेत आणि पुस्तिकेत तीन दिवसांचा फरक निघाला. म्हातारपणी असं होतं, असं मनाशी म्हणून मी न विचारता तारीख तीन घरं पुढं सरकवली. तो दिवस आला तेव्हा मामांनी भिंग घेऊन कॅलेंडर पाहिलं.

"मंगे, ही तारीख कुणी हलवली?"

"मी, मामा. पुस्तकात तीच आहे. छापलेली आहे."

"छापणारा हुता का तितं?"

मामा म्हणाले, "ती फुलांची तारीख हाय, पोरी. आमची न्हाई. चप्पल घाल, चल." आणि भर दुपारी मला घेऊन ओढ्यावरच्या पुलापाशी गेले.

तिथं उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन लगेच लिहून काढलं. आमच्याकडे तोवर छोटे रूळ होते, मीटरगेजचे. मोठे रूळ टाकून झाले, पण पुलाजवळचा भराव ताजा होता. त्यावरून पहिल्यांदा नेली ती खडीची गाडी, कारण पुढच्या कामाला खडी हवी होती. मुकादमानं विशीतल्या मामांच्या हातात झेंडा दिला आणि इंजिनापुढं चालायला सांगितलं. मागून माणसाच्या चालीनं येणारी गाडी, दोन्ही बाजूंनी गँग. रूळ जिथं दबेल तिथं मामा झेंडा आडवा धरायचे. गाडी थांबायची. गोदामावशी आणि बाकीच्या बाया पाट्या ओतायच्या, पुरुष पहारी घालून खडी ठासायचे, मग गाडी पुढं. पुलापासून फाटकापर्यंत, सकाळपासून चार वाजेपर्यंत. तीन दिवसांनी हार घातलेली पाहुण्यांची गाडी आली ती त्याच जागेवरून भुर्रकन निघून गेली. "कशी गेली?" मामांनी मला विचारलं. "आमी रूळ बसिवला हुता म्हणून गेली." त्या संध्याकाळी मी पांढरी शाई लावून तारीख पूर्वीच्या घरात नेली. माफी मागितली तर म्हणाले, "पुसायला येतंय न्हवं? मग झालं."

मागच्या वर्षी दुसरा रूळ झाला, स्टेशनची इमारत नवी झाली आणि भिंतीवर एक मोठा देखणा बोर्ड आला. रेल्वेच्या महत्त्वाच्या तारखा, वरून खाली. मामांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. १६ एप्रिल होती. आमचा मार्ग सुरू झाल्याची होती. मोठ्या रुळांची होती, पण फुलांची. तारांची होती. वाचून संपल्यावर मामांनी बोर्डाच्या कडेवरून हात फिरवला, जसा रुळावरून फिरवायचे तसा. "चांगला केलाय. पर हितं आमी न्हाई." घरी जाताना वाटेत थांबून म्हणाले, "मंगे, माझं एक काम कर. मी हाय तवर ती तारीख तितं लागली पायजे. माझं नाव नगं. तारीख लाव."

तेव्हापासून फाइल सुरू झाली. पहिला अर्ज जूनमध्ये. दुसरा ऑगस्टमध्ये, पोचपावतीसह. उत्तर सभ्य होतं : पुरावा जोडावा. गँगची जुनी हजेरीपत्रकं कुणाकडेच राहिलेली नव्हती. बाबालालचाचा साक्ष द्यायला तयार होते, पण कागदाला माणसाची साक्ष पुरत नाही, हे मी नोकरीत शिकले आहे. दिवाळीच्या सुट्टीत डोक्यात आलं : शाळेत रोजची नोंदवही असते. वाघजाईवाडीच्या प्राथमिक शाळेतल्या लोखंडी कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाखाली, जुन्या गुरुजींच्या वह्या निघाल्या. मुख्याध्यापक बाईंनी मला टेबल दिलं, मी पान पान उलटत गेले. आणि सापडली! गुरुजींनी तिरप्या, नेटक्या अक्षरात नोंद केली होती, की मोठ्या रुळावरून पहिली गाडी येणार म्हणून मुलांना फाटकापाशी नेलं, गाडी खडीची होती, आणि गावानं गँगला गूळ-शेंगा दिल्या. वर तारीख. मामांचीच. तीन दिवस आधीची. वारासकट. मी शाळेच्या कार्यालयात बसून टाळी वाजवली. बाई दचकल्या. मामांना फोन केला तर म्हणाले, "गूळ-शेंगा... व्हय की गं. शेंगा खवट हुत्या."

नोंदीची साक्षांकित प्रत जोडली तेव्हा ते तरुण इंजिनिअर स्वतः गावी आले. आधीच्या भेटीत त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मॅडम, आजोबांचं म्हणणं मला पटतंय, पण फाइलला पटत नाही." या वेळी हसत म्हणाले, "फाइलला पटलं. बोर्डावर एक ओळ बसेल. एकच. मजकूर तुम्ही द्या." मामांच्या ओसरीवर बैठक बसली. मी लिहिलं : या दिवशी गँगमधल्या पुरुषांनी मोठ्या रुळांवरून पहिली खडीगाडी नेली. वाचून दाखवलं. गोदामावशींनी तंबाखूची डबी खाली ठेवली.

"पुरुषांनी? आन् पाट्या काय भुतांनी वतल्या?"

"तसं न्हवं गं, गोदे," मामा म्हणाले.

"तसंच हाय. मानेला आजून गाठ हाय माझ्या, दावू का?"

बाबालालचाचा काठीवर हनुवटी टेकून खदखदत होते. "लिही मंगल, लिही. न्हाई तर म्हातारी रुळावर आडवी पडल." इंजिनिअर साहेबांनी अक्षरं मोजली आणि म्हणाले, बसतंय. ओळ झाली : या दिवशी गँगमधल्या बाया-पुरुषांनी मोठ्या रुळांवरून पहिली खडीगाडी नेली.

आणि मग तो १६ एप्रिल. बोर्डावर नवा टॉवेल टाकला होता. तो कुणी ओढायचा याची चर्चा मी कार्यक्रमाच्या यादीत ठेवलीच नव्हती. मामांनी गोदामावशींना पुढं ढकललं. त्यांनी टॉवेल ओढला, घडी घातली आणि काखेत मारला, परत दिला नाही. मामांना अक्षरं दिसत नव्हती. बाबालालचाचांनी ओळ मोठ्यानं वाचली. "परत वाच," मामा म्हणाले. परत वाचली. "आनि एकडाव." तेवढ्यात सांगलीकडून पॅसेंजर आली आणि समोर थांबली. खिडकीतून एका माणसानं विचारलं, "काय हाय वो आज? मंत्री येनार हाय?" मामा फलाटाच्या कडेपर्यंत गेले, ताठ उभे राहिले आणि भरल्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येऊन गेली समदी. ही आमची तारीख हाय!" डब्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग फलाटावर, मग सगळीकडे. मामी शिऱ्याचं पातेलं घेऊन खिडक्यांपाशी गेली आणि गाडी सुटेपर्यंत द्रोण वाटत राहिली. मी मामांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. ती तारीख मी या लेखात मुद्दाम देत नाही. मामांची तशी इच्छा होती : ज्याला पायजे त्यानं उतरून वाचावी.

शिरा संपल्यावर इंजिनिअर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, की नावांसाठी खाली छोटी पाटी लावायची परवानगी मिळू शकते. पण यादी पूर्ण हवी, अर्धी चालणार नाही. मामांनी ते ऐकलं. "माझं नाव नगं" म्हणणारा माणूस त्याच दुपारी माझ्यासमोर बसला आणि बोटांवर मोजत नावं सांगू लागला. गँगमध्ये चौदा पुरुष, पाच बाया. पुढच्या वीस-बावीस दिवसांत आम्ही फोनवर बाकीची जुळवली. गावं, वारस, आडनावं. बायांची नावं नवऱ्याच्या नावाशिवाय लिहायची, हा गोदामावशींचा आग्रह, तोही मान्य झाला. अठरा झाली. उरला एक. जतच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीवरून आलेला, अर्धं कानडी बोलणारा, पहारीऐवजी हातांनी रूळ सरकवणारा. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. नाव मामांना माहीत नव्हतं, चाचांना नाही, मावशींनाही नाही. एवढी वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्ली आणि विचारलं नाही, याची मामांना शेवटच्या फोनपर्यंत टोचणी होती. त्या फोनवर म्हणाले, "मंगे, त्याच्या गावात मोठी चिंच हुती म्हणायचा. तेवढं शोध."

जत तालुक्यातल्या सीमेलगतच्या सात ग्रामपंचायतींना मी पत्रं पाठवली आहेत. चार उत्तरं आली, चारही नकारार्थी. येत्या रविवारी बाबालालचाचांना घेऊन उरलेल्या तीन गावांना एसटीनं जाणार आहे. चाचा म्हणतात, त्याचा मुलगा दिसला तर खांद्यांवरून ओळखेन. यादी टाइप करून तयार आहे. एकोणिसाव्या क्रमांकापुढे सध्या पैलवान एवढंच लिहिलं आहे, पेन्सिलनं.